जीनगराचा मुलगा असं म्हणतो

पागनीस सरांनी वर्गात कधी कुठल्याही तत्त्वज्ञाचं नाव घेतलं नाही. दोन वर्षं त्यांनी आम्हाला पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास शिकवला, अथेन्सपासून पार जर्मनीपर्यंत आणून सोडलं, पण नाव? छे! नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही. या एका हट्टापायी आमच्यातले चौघे बी.ए.ला नापास झाले आणि सरांची नोकरी पणाला लागली. तरीही आज इतक्या वर्षांनी कुणी म्हणालं, की तुमचे ते पागनीस जरा चक्रमच होते हो, तर माझं डोकं फिरतं. चक्रम नव्हते. त्यांचं काही म्हणणं होतं. ते ऐकून तर घ्या, मग काय नावं ठेवायची ती ठेवा.

मध्य भारताचे दिवस होते ते. संस्थान जाऊन थोडीच वर्षं झाली होती. राजधानी धड इंदूरला नाही, धड ग्वाल्हेरला नाही. उन्हाळ्यात सरकार आमच्या इंदूरला आणि थंडीत तिकडे. माझे वडील सचिवालयात कारकून, त्यामुळे फायलींच्या पेट्यांबरोबर तेही इकडून तिकडे. आम्ही स्नेहलतागंजला राहायचो, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही सात जण, सहा मुलगे आणि मी. मी हा विषय का घेतला? संस्कृतच्या सरांची मला भीती वाटायची म्हणून. उगीच मोठं कारण कशाला सांगू!

सर बुटके, अंगाने काटक. डोक्यावर काळी टोपी, अंगात बारा महिने तोच करडा कोट, आणि कोटाच्या खिशात शेवेची पुडी. मुद्दा अडला की चिमूटभर शेव तोंडात टाकायची, डोळे मिटायचे, आणि मग बोलायला लागायचं. सायकलला घंटी नव्हती. "सरको भिया, सरको!" असं ओरडत ते बाजारातून यायचे. आवाज असा खणखणीत, की गायीसुद्धा सरकायच्या. बोलताना सगळ्यांना अहो-जाहो. प्राचार्यांना जेवढं, तेवढंच शिपायाला. मला "अहो दिघे" म्हणायचे. घरात तोवर मला कुणी 'अहो' म्हटलं नव्हतं, पहिल्या दिवशी मी मागे वळून बघितलं होतं.

पहिल्याच तासाला ते म्हणाले, "आज आपल्याला अथेन्सला एका पाथरवटाच्या मुलाकडे जायचंय. आई सुईण. नाक चपटं, पायात जोडा नाही, दिवसभर बाजारात लोकांना प्रश्न विचारत हिंडतो."

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, नाव काय त्याचं?"

"कशाला? लग्न जमवायचंय?"

वर्ग हसला. सर नाही हसले. म्हणाले, "हा दिवसभर बाजारात उभा. मग याच्या घरी चूल कोण पेटवतं? पोरांना कोण सांभाळतं? आणि याचं ऐकायला येणारी ती श्रीमंतांची मुलं, त्यांची शेतं कोण कसतं? त्या नगरात माणसं विकत मिळत होती, दिघे. ती राबत होती, म्हणून बाकीच्यांना विचार करायला सवड होती. विचार मोठाच आहे, मी त्याला लहान म्हणत नाही. पण सवड कुठून आली ते आधी बघायचं."

अशी आमची सगळी मंडळी धंद्यावरून, नाहीतर बापाच्या धंद्यावरून ओळखीची झाली. राजवैद्याचा मुलगा, जो पुढे राजपुत्राचा मास्तर झाला आणि गुलाम हे जन्मतःच गुलाम असतात असं सांगून गेला. एक लंगडा गुलाम, आणि त्याचीच शिकवण मनाशी घोकणारा एक बादशहा. "दोघंही एकच सांगतात, सोसा म्हणून," सर म्हणायचे, "पण एकाचं सोसणं वेगळं आणि दुसऱ्याचं वेगळं, हे विसरलात तर मार्क कापीन." मग भिंगं घासून पोट भरणारा, ज्याला त्याच्याच जातभाईंनी वाळीत टाकलं. घड्याळजीचा मुलगा, ज्याने मुलांना कसं वाढवावं यावर ग्रंथ लिहिला आणि स्वतःची मुलं अनाथाश्रमात सोडली. आणि सगळ्यात मोठा तो जर्मनीतला, ज्याचा बाप घोड्याचं खोगीर आणि लगाम बनवायचा. सर त्याला जीनगराचा मुलगा म्हणत. आमच्या शहरात लष्करी घोडे होते तोवर जीनगरांची चांगली वस्ती होती, त्यामुळे हा माणूस आम्हाला पलीकडच्या गल्लीतला वाटायचा.

नावं का घेत नाहीत, हे त्यांनी एकदाच सांगितलं. पागनीस म्हणजे घोड्यांच्या पागेचे लिहिणारे. यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या संस्थानच्या पागेत कारकुनी करत आलेलं. लहानपणी सरांना वडिलांनी मोडी शिकवली ती पागेच्या जुन्या रुमालांवर, म्हणजे कापडात बांधून ठेवलेल्या दप्तरावर. त्या कागदांत प्रत्येक घोड्याचं नाव होतं. त्याचा रंग, कपाळावरचा टिळा, कुठल्या पायाला पांढरं, काय खातो, सगळं. आणि खाली एक ओळ असायची, मोतद्दार असामी चार. घोड्याला खरारा करणारे, दाणावैरण घालणारे, रात्रंदिवस त्याच्यापाशी राहणारे ते चार जण. असामी चार. बस्स.

"मी वडिलांना विचारलं, यांची नावं? वडील म्हणाले, लिहायची पद्धत नाही." सरांचा आवाज चढला होता. "पद्धत नाही! घोड्याला नाव आहे, माणसाला नाही, आणि म्हणे पद्धत नाही! तेव्हाच ठरवलं, माझ्या हातात कधी काही आलं तर मी उलटी पद्धत पाडीन. पन्नास मिनिटं मोठ्या माणसांना नाव मिळालं नाही तर त्यांचं काही बिघडत नाही. एवढं सोसतील ते."

"पण सर, परीक्षेत?" मी विचारलं.

"परीक्षेसाठी पुस्तक आहे की. त्यात नावंच नावं आहेत. वाचा."

इथे सर चुकले. आम्ही पुस्तक वाचत नाही, त्यांचं ऐकतो, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

आता गेंदालालबद्दल सांगते. गेंदालाल आमच्या सातांतला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात दमलेला. बाप मिलमध्ये विणकर, आणि हाही सकाळी कॉलेज करून दुपारच्या पाळीला मिलमध्ये तुटलेले धागे जोडायला जायचा. केसांत कापसाचे तंतू असायचे. घरचा मालवी बोलणारा, पण मिलच्या वस्तीत मराठी घरांत वाढलेला, त्यामुळे त्याची मराठी म्हणजे निम्मी हिंदी, आणि ती तो बेधडक बोलायचा. गौतमपुऱ्याच्या शाळेत त्याच्यासाठी मास्तरची जागा अडवून ठेवली होती. अट एकच, बी.ए. पास. मिलमधून सुटायची त्याला तेवढी एकच वाट होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सर त्याला "गेंदालालजी" म्हणायचे, ते काही मुलांच्या नाकाला झोंबायचं. झोंबू दे.

गुहेचा तास मी जन्मात विसरणार नाही. पाथरवटाच्या मुलाच्या एका शिष्याने लिहिलेली ती गोष्ट अशी, की माणसं गुहेत बांधून ठेवली आहेत, पाठीमागे आग पेटली आहे, आगीपुढून कुणी बाहुल्या नेतं आणि समोरच्या भिंतीवर सावल्या हलतात. बांधलेल्यांना वाटतं, हेच खरं जग. सरांनी एवढं सांगितलं आणि म्हणाले, "चला." कुठे? तर टॉकीजला. मॅटिनीला. अहो, मला घरून सिनेमाला जायची परवानगी नव्हती, आणि इथे कॉलेजचा प्रोफेसरच घेऊन निघाला! सिनेमा सुरू झाला आणि दहा मिनिटांत सरांनी आम्हाला उठवलं, मागच्या अरुंद जिन्याने वर मशीनच्या खोलीत नेलं. तिथे भट्टीसारखं गरम. यंत्राच्या पोटात दोन कार्बनच्या कांड्या जळत होत्या, त्या उजेडावर सिनेमा चालायचा. कांड्या झिजतील तशा पुढे सरकवत एक मुसलमान म्हातारा तिथे उघडाबंब बसला होता. डोळे लाल.

सरांनी विचारलं, "चाचाजी, पिक्चर कैसा है?"

तो म्हणाला, "क्या मालूम साहब. बाईस साल हो गए, मैंने एक भी पूरा नहीं देखा. मैं तो कार्बन देखता हूँ."

सर आमच्याकडे वळले. "गुहेतून बाहेर पडून सूर्य पाहणाऱ्या माणसाबद्दल त्या थोर माणसाने पानंच्या पानं लिहिली. आगीला लाकडं कोण घालत होतं, त्याबद्दल एक ओळ नाही."

खाली येऊन त्यांनी आम्हाला उरलेला सिनेमा बघू दिला. गेंदालाल मात्र मिलची पाळी बुडवून वरच थांबला, चाचाजींच्या हाताखाली कांड्या सरकवत. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "सर, एक बात बोलू? तो बाहर निघालेला माणूस परत गुहेत येतो ना, सगळ्यांना सांगायला? तेव्हा त्याने आधी त्या लकडीवाल्याला सोडवायला पायजे." सरांनी डोळे मिटले. शेव खाल्ली. म्हणाले, "गेंदालालजी, हे मला सुचायला हवं होतं."

आता रावसाहेब. कॉलेजच्या मंडळाचे अध्यक्ष, जुनं सरदार घराणं, जहागीर गेली तरी मिशीचा पीळ गेला नव्हता. ते एकदा वर्गात येऊन बसले. सर त्या दिवशी एका फ्रेंच शिपाईगड्याबद्दल सांगत होते, ज्याने सगळ्यावर शंका घेऊन बघितली आणि शंका घेणारा मी तरी आहेच, इथे येऊन थांबला. त्याला एक राजकन्या पत्रं लिहायची. जीव आणि शरीर वेगळे असतील तर जीव हात कसा उचलतो, एवढंच तिने विचारलं, आणि त्याला धड उत्तर देता आलं नाही. "उत्तर चुकलेल्याचं नाव पुस्तकावर असतं, दिघे, आणि बरोबर प्रश्न विचारणारीचं तळटीपेत," सर म्हणाले. पन्नाशीनंतर एका राणीने त्याला शिकवायला बोलावलं. थंडीचा देश, आणि राणीला सवड पहाटे पाचला. महिन्या-दोन महिन्यांत गेला बिचारा, छाती भरून.

रावसाहेब मागून म्हणाले, "पण मानाचं मरण हो, पागनीस. राणीला शिकवायचं म्हणजे काय साधी गोष्ट!"

सर शांतपणे म्हणाले, "रावसाहेब, माझ्या काकांनी आपल्या वाड्यावर चार वर्षं आपल्याला इंग्रजी शिकवलं. उभ्याने. वाड्यात खुर्च्या नव्हत्या असं नाही."

 रावसाहेब उठून गेले.  सरांनी फळा पुसला आणि पुढे सुरू! माणसाला भीती नावाची गोष्टच नव्हती. नाही, असं नाही. होती, पण ती ते कुणाला दाखवत नसत. तास संपल्यावर ते खडू खिशात घालून आणि शेवेची पुडी फळ्यापाशी ठेवून निघाले, हे मी पाहिलं होतं.

आणि मग परीक्षा. पेपर इंग्रजीत. प्रश्न होता, कर्तव्य हे फक्त कर्तव्य म्हणूनच करावं, या मताची चर्चा करा. मला इतकं येत होतं, इतकं येत होतं, की पेन थांबेना. 'द सॅडलर्स सन सेज', जीनगराचा मुलगा असं म्हणतो, तसं म्हणतो, इथे जीनगराच्या मुलाचा भिंगं घासणाऱ्याशी मतभेद आहे... आठ पानं लिहिली. बाहेर आल्यावर गेंदालाल म्हणाला, "दिघे, आपने नाम लिहिलं ना?"

"कुणाचं?" मी म्हटलं.

त्याचा चेहरा पांढरा पडला. "मी पण नाही लिहिलं."

अशी चूक जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुठल्या कॉलेजात झाली नसेल. तिघांना नावं आठवली, ते पास. चौघं नापास: गेंदालाल, मी आणि आणखी दोघं. परीक्षकांचा शेरा प्राचार्यांकडे आला, तो आम्हाला शिपायाने आधीच सांगितला: 'या कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी एका जीनगराच्या मुलाचे विचार विस्ताराने मांडले आहेत. सदर इसम अभ्यासक्रमात नाही.'

मला रडू आलं आणि हसू आलं, दोन्ही एकदम. घरी मात्र नुसतं रडू. वडील म्हणाले, "मुलीच्या जातीला तत्त्वज्ञान! आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?" चूल, पोळपाट आणि स्थळं, असा पुढचा कार्यक्रम ठरला. पण माझं काय, मी घरात बसले असते. गेंदालालची तर गौतमपुऱ्याची जागा जात होती.

प्राचार्य वाईट नव्हते. त्यांनी विद्यापीठात शब्द टाकला. तिकडून उत्तर आलं, की शिकवणाऱ्याने लेखी द्यावं, चूक शिकवण्याच्या पद्धतीची आहे, मुलांना विषय येतो. मग आम्ही पेपर पुन्हा तपासू. वाट निघाली! पण मध्ये मंडळ होतं, आणि मंडळात रावसाहेब. ते म्हणाले, पागनिसांनी तेवढंच नाही, आणखीही लिहून द्यावं: ही पद्धत मुळातच चुकीची होती, यापुढे नेमलेल्या पुस्तकाबाहेर एक अक्षर शिकवणार नाही, थोर पुरुषांचा उल्लेख आदराने आणि नावानिशी करीन. दोन्हीवर सही, तरच कागद विद्यापीठाकडे जाईल.

सरांनी हे आम्हाला सकाळी स्नेहलतागंजच्या पोह्यांच्या दुकानापाशी सांगितलं. ते रोज तिथे पोहे-जिलबी खायचे. त्या दिवशी जिलबी तशीच राहिली. गेंदालाल म्हणाला, "सर, मला वाटतं..." सर म्हणाले, "बघतो मी. तुम्ही काळजी करू नका." सायकलवर टांग टाकली आणि "सरको भिया" न म्हणता गेले. मला तेव्हाच चुकचुकल्यासारखं वाटलं.

दुपारी मंडळाची बैठक होती. आम्ही चौघं प्राचार्यांच्या खोलीबाहेर व्हरांड्यात. दाराला वाळ्याचा पडदा होता, आतलं सगळं ऐकू येत होतं.

रावसाहेब म्हणाले, "पागनीस, तुमच्या हट्टापायी गरिबाघरच्या मुलाचं वर्ष गेलं. आता तरी सरळ व्हा."

"अगदी बरोबर बोललात," सर म्हणाले. "मुलांच्या परीक्षेची काळजी घ्यायला हवी होती, मी घेतली नाही. हा कागद. चूक माझी, मुलांना विषय येतो, एवढं लिहिलंय. सही केलीय."

"आणि पुढचं? पुस्तकाबाहेर शिकवणार नाही ते?"

"ते कसं लिहू? ते खोटं होईल. मी शिकवीनच." मग कागद सरकवल्याचा आवाज. "म्हणून हा दुसरा कागद. राजीनामा आहे. मी यापुढे इथे शिकवणारच नाही, म्हणजे कसं शिकवणार याची हमी मागायचा आपला प्रश्नच मिटला. आता पहिला कागद अडवून धरायला आपल्याकडे काही कारण नाही. प्राचार्य साहेब, आजच्या टपालाने पाठवा."

आत रावसाहेबांनी पाणी मागितलं. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या!  पडदा बाजूला झाला आणि सर बाहेर आले. चेहरा उजळलेला. म्हणाले, "झालं. तुम्ही सगळे पास. गेंदालालजी, गौतमपुऱ्याला निघायची तयारी करा."

गेंदालाल जागचा हलला नाही.

"सर, आपने हमको पूछा था क्या?"

"काय?"

"दोन साल तुम्ही हेच शिकवलं ना, की कोणाच्या जिवावर? सवड कुठून आली, कोणाच्या जिवावर आली? आता मी पास झालो. तुमच्या जिवावर. तुमची नोकरी गेली आणि मी मास्तर झालो. हे मला मंजूर आहे की नाही, कोणी विचारलं? आप ही ने तय कर लिया?" त्याचा आवाज फाटत होता. "रावसाहेबने नाही विचारलं तर समज में आता है. तुम्ही पण नाही विचारलं!"

व्हरांड्यातले शिपाई गोळा झाले.  सर तिथल्या बाकावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. 

पुढचं सांगते, आणि त्यात माझं काही लपवत नाही. गेंदालालने विद्यापीठाला पत्र लिहिलं, मला फेरतपासणी नको, मी परत परीक्षेला बसेन. सर त्याच्यावर भडकले, मूर्ख म्हणाले, त्याच्या बापाला मिलच्या फाटकावर जाऊन भेटले. तो ऐकेना. गौतमपुऱ्याची जागा दुसऱ्याला गेली. तो मिलमध्येच राहिला, आता सकाळच्या पाळीला, आणि पुढच्या वर्षी पास झाला, नावांसकट. बाकी आम्ही तिघं? आम्ही फेरतपासणी घेतली. पास झालो. मी पास झाले आणि घरात पेढे वाटले गेले, आणि मी सरांना पेढा द्यायला गेले नाही. तोंडच नव्हतं मला. दोन गल्ल्या ओलांडून जायचं होतं, पण जमलं नाही.

सरांनी कुठे अर्ज केला नाही. पोह्यांचं दुकान सकाळी चालायचं, दुपारी फळ्या लागायच्या. दुकानदाराने ओटा देऊन टाकला. "बैठो पागनीसजी, दोपहर में कौन आ रिया है," म्हणाला. तिथे सतरंजी टाकून सरांनी शिकवायला सुरुवात केली. कॉलेजची मुलं तास बुडवून यायला लागली. प्राचार्यांनी शिपाई पाठवला, तर सर म्हणाले, "सांगा त्यांना, ओटा दुकानाचा आहे आणि सडक नगरपालिकेची. यातलं मंडळाचं काय आहे?" शिपाई निरोप सांगायला गेला तो परत येऊन मागे बसला. हे सगळं मला इतरांकडून कळायचं, मी मात्र रोज त्या रस्त्याने न जाता पलीकडच्या रस्त्याने जायची.

मी सरांना त्यानंतर एकदाच पाहिलं. सरकार ग्वाल्हेरला हललं होतं, वडील पुढे गेले होते आणि मला तिकडे बोलावून घेतलं होतं. तिथे एक स्थळ होतं. आधी उज्जैनची गाडी पकडायची. माझा दादा सायकलने पुढे डब्यात जागा धरायला गेला, मी ट्रंक घेऊन टांग्यात. टांगेवाल्याने नेमका तोच रस्ता घेतला.

ओट्यावर दहा-बारा माणसं होती. गेंदालाल उभा राहून हातवारे करत बोलत होता, आणि सर सतरंजीवर खाली बसून मान वर करून ऐकत होते. मी म्हटलं, "रुको, दो मिनट." का म्हटलं, मला माहीत नाही. उतरले.

सरांनी बघितलं. रागावले नाहीत, विचारलं नाही, इतके दिवस कुठे होतात म्हणून. "या दिघे, बसा. गेंदालालजी मला चूक ठरवतायत."

विषय तोच, पाथरवटाचा मुलगा. जेलमध्ये आहे, मित्रांनी पळवून न्यायची सगळी सोय केली आहे, आणि तो नाही म्हणतो, विष पितो. गेंदालाल म्हणत होता, "बहादुर होता, मानतो. पण घरी तीन पोरं. बायको रडत जेलमधे आली तर तिला घरी पाठवून दिलं. सारा दिन दोस्तांशी आत्म्यावर बोलला. तिला एकदा तरी विचारायचं, की मी मरू का?"

"आणि ती नको म्हणाली असती तर?" सरांनी विचारलं.

"तो लड़ते. भांडायचं होतं तिच्याशी. पण विचारायचं होतं."

कशाबद्दल बोलणं चाललंय ते त्या दोघांना माहीत होतं आणि मला. सर माझ्याकडे वळले. "दिघे, तुमचं काय म्हणणं?"

माझे कान तापले. टांगेवाला मागून ओरडला, "बाईजी, गाड़ी छूट जाएगी!" मी म्हटलं, "मला विचारलं असतं ना सर, तर मी म्हटलं असतं, दोन्हीवर सही करा. नावं घ्या, पुस्तकातून शिकवा, नोकरी ठेवा आणि आम्हाला पास करा. मी असंच म्हटलं असतं. तुम्हाला वाईट वाटलं तरी."

गेंदालालने माझ्याकडे पाहिलं आणि सतरंजीवर सरकून जागा केली. मी बसले.

 सरांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही. "चूक झाली माझी," म्हणाले. "तुम्हाला विचारलं असतं तर मी तुमच्याशी भांडलो असतो."

"मीही भांडले असते."

"कोण जिंकलं असतं?"

"मी," मी म्हटलं.

ओट्यावरचे सगळे हसले, सरसुद्धा. तेवढ्यात स्टेशनवरून शिट्टी आली, लांबलचक. सरांनी टांग्यातल्या ट्रंकेकडे पाहिलं.

"तुमची गाडी?"

"हो."

"गेली?"

"गेली, सर."

"मग आता निवांत बसा," सर म्हणाले, आणि सतरंजीवर मांडी नीट घालून माझ्यासमोर वळले. "आणि सांगा मला, तुम्ही का जिंकला असता. पहिल्यापासून सांगा. मी मध्ये बोलणार नाही."